बुडालेली होडी आणि काठावरच्या आम्ही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, मत्स्यपालन करणाऱ्या गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलंय मासळीच्या धंद्यावर बोल. रोहू, कटला, मृगळ, खाद्य किती टाकायचं, हे सगळं प्रशिक्षणात झालेलं आहे. भाताचा कोंडा नि शेंगदाण्याची पेंड आता आपल्याला तोंडपाठ आहे. म्हणून मी त्यावर बोलत नाही. आमच्या गटाची होडी शेततळ्यात बुडाली आणि ती आम्ही कशी काढली, ते सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींकडे अशीच घरी केलेली होडी आहे, म्हणून सांगते.

आमची होडी म्हणजे काय, 200 लिटरचे दोन निळे ड्रम, त्यांना जोडणारा लोखंडी अँगलचा सांगाडा आणि वर प्लायवूडची फळी. सगळा मिळून साडेपाच हजार खर्च, तोही ग्रामसंघाच्या कर्जातून. तळं एका सदस्य ताईच्या दिरांचं, आम्ही कराराने घेतलेलं. मापाने 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आतून कागद अंथरलेला. असं तळं पूर्ण भरलं की त्यात 2196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं.

ड्रमच्या झाकणाखालचा रबर उन्हाने कडक होतो आणि त्याला चिरा पडतात. थेंबथेंब पाणी आत जातं, वरून काही दिसत नाही. दसऱ्याच्या आधी एका रात्री मोठा पाऊस झाला आणि सकाळी खाद्य टाकायला गेलेल्या बायांना होडी दिसेना. काठावरच्या खुंटीला बांधलेला दोर तेवढा ताणून पाण्यात गेलेला.

मग काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. तासाभरात निम्मं गाव काठावर. जो तो सल्ला देतोय. कोणी म्हणे मोटर लावून तळं उपसा. कोणी म्हणे ट्रॅक्टरला दोर बांधा अन् ओढा. कोणी म्हणे राहू द्या तशीच, उन्हाळ्यात पाणी आटलं की आपोआप दिसेल. आणि आमच्यातल्याच एका वहिनींचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, शर्ट काढून उभा. "मी नदीत पोहतो, एका बुडीत दोर बांधून येतो."

पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला चांगलं पोहता येतं. पण मैत्रिणींनो, नदीला काठ असतो, विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. कागदाच्या तळ्याला चारी बाजूंनी गुळगुळीत उतार, त्यावर शेवाळ. पाय टेकायला जागा नाही, हाताला धरायला काही नाही. माणूस चढायला बघतो, घसरतो, परत चढतो, घसरतो, आणि दमतो. पोहता न येणारा बुडतो तसा पट्टीचा पोहणाराही बुडतो. एक पडला आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यात बाया असतात, कपडे धुवायला गेलेल्या. लेकरं असतात.

त्या मुलाची आई काही फार बोलणारी बाई नाही. बैठकीत सही करते आणि गप्प बसते. त्या दिवशी तिने मुलाचा शर्ट उचलला, त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "होडीचे पैसे हप्त्यानं फिटतील."

तिथून पुढे काठावरचा गोंगाट थांबला. आम्ही तिथेच खाली बसून बैठक घेतली. पहिला ठराव, पाण्यात कोणीही उतरणार नाही. इतिवृत्तात लिहिलाय तो.

मग राहिले बाकीचे सल्ले. तळं उपसलं तर मासळी मेली आणि दिरांची बागही गेली. आमच्याकडे जालन्यात कडवंचीसारख्या गावांत शेततळ्यांच्या जिवावर द्राक्षबागा उभ्या आहेत, तिथलं पाणी होडीसाठी सोडा म्हणायची कोणाची छाती होईल? ट्रॅक्टरने ओढली असती तर लोखंडाच्या कोपऱ्याने कागद टराटरा फाडला असता. आणि तशीच ठेवली तर? तोच कोपरा कागदावर घासत बसणार. एक भोक पडलं की सगळं पाणी जमिनीत. म्हणजे काढायची तर होतीच. पण ओढून नाही, उचलून.

आता उचलायची म्हणजे किती वजन? इथे लोक घाबरतात. पाण्याने भरलेला 200 लिटरचा ड्रम जमिनीवर 200 किलोच्या वर भरतो, असे दोन. पण घागर विहिरीतून शेंदताना आठवा. पाण्यात असते तोवर ती बोटावर येते, पाण्याबाहेर निघाली की जड. ड्रममधल्या पाण्याचं पाण्यात वजनच लागत नाही. राहतं ते लोखंड. आमचा सांगाडा 40 किलोचा, पाण्यात तो भरतो साधारण 35 किलो. आणि तोंड घट्ट बंद केलेला 35 लिटरचा रिकामा कॅन पाण्यावर जवळजवळ तेवढंच वजन तोलून धरतो. आम्ही असे चार कॅन जमवले. बांबूचा चौकोन बांधला, चार कोपऱ्यांना चार कॅन, मधोमध विहिरीवरची जुनी कप्पी. या तराफ्यावर माणूस बसवायचा नाही, तो फक्त वजन तोलायला.

होडीचा दोर खुंटीवरून सोडून कप्पीतून ओवला आणि त्याचं टोक परत आमच्याकडेच ठेवलं. तराफ्याला आणखी दोन दोर, एक आमच्या काठावर, एक समोरच्या. समोरच्या बायांनी तराफा हळूहळू ओढत नेला, होडीचा दोर पाण्यात सरळ उभा होईपर्यंत. तिथे त्यांनी तो धरून ठेवला आणि आम्ही होडीचा दोर ओढायला लागलो.

दोर ओढणाऱ्या सगळ्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला उभ्या होत्या. दोराचं शेवटचं टोक लिंबाच्या झाडाला. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कमरेला तर मुळीच नाही. सुटला तर सुटू दे, आपण त्याच्यामागे जायचं नाही. पदर खोचून घ्या. एका मावशीला फक्त ओरडायचं काम दिलं होतं, "ओढा" आणि "थांबा". दुसऱ्या कोणी आवाज द्यायचा नाही, पुरुषांनीसुद्धा नाही. हे त्यांना जरा जड गेलं.

होडी तळातून सुटली तेव्हा मातीचा ढग वर आला. ती तराफ्याखाली लोंबकळायला लागल्यावर समोरच्यांनी दोर ढिला सोडत आणला, आम्ही तराफा काठाकडे घेतला. उतारावर आधीच जुन्या गोधड्या आणि गोणपाट वरून दोराने बांधून सोडून ठेवलं होतं, म्हणजे लोखंड कागदाला लागणार नाही. ड्रमची झाकणं पाण्यावर आली तिथे थांबलो. एवढं झाल्यावर पोरं म्हणतात, आता ओढा सगळ्यांनी मिळून. तिथेच दोर तुटतो, कारण पाणी आतच आहे आणि आता त्याचं वजन लागायला लागलंय. एका लांब बांबूला रॉकेल उपसायच्या हातपंपाची नळी बांधली आणि काठावरूनच ड्रम उपसले. जसं पाणी निघालं तशी होडी आपली आपणच वर आली. सकाळी दहाला सुरू केलेलं काम तीनला संपलं. कागद तपासला, कुठे फाटला नाही.

ज्यांच्या होडीला दोरच नाही, त्यांनी विहिरीतला गळ टाकायच्या आधी त्याच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळा. त्यापेक्षा आजच होडीला खोलीपेक्षा लांब दोर बांधा आणि त्याच्या टोकाला एक बंद बाटली. होडी बुडाली तरी बाटली वर राहील.

आणि हे होडी नसलेल्यांनाही सांगते. प्रत्येक तळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडलेला हवा, वर पक्का बांधलेला. काठावर दोर बांधलेला एक रिकामा कॅन कायम हवा. कोणी पडलं तर आपण उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. कॅन नसेल तर साडी सोडा. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबत बसू नका, त्याला गरागरा फिरवू नका. श्वास नसेल तर सपाट निजवून तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि दुसरीने लगेच 108 ला फोन लावायचा. हे तोंडी सांगून येत नाही, आरोग्य केंद्रातून कोणाला तरी बोलवा आणि गटात एकदा करून बघा.

आमची होडी परत चालू आहे. झाकणांचे रबर नवे घातलेत आणि दर सोमवारी ड्रम हलवून बघायची पाळी लावली आहे. आत पाणी असलं तर आवाज येतो.

तराफा, कप्पी आणि दोर आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत ठेवलेत. कोणत्याही गटाला लागले तर घेऊन जा, भाडं नाही. नेताना रजिस्टरवर सही करा, आणि परत आणताना दोर वाळवून आणा.