दुकानदाराला आपला नंबर कशाला?

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर नि स्वयंपाक सांभाळणारी बाई. गेल्या वर्षी याच जागी उभे करून मला लोणच्याच्या कैऱ्या कशा निवडाव्या ते सांगायला लावले होते. ते निभावले, कारण कैरी काही उलट प्रश्न विचारीत नाही. यंदाचा विषय मात्र मी आपण होऊन मागून घेतला. त्यात कायद्याचे जे काही येईल ते माझ्या धाकट्या मुलीने मला वाचून समजावले आहे. ती पुण्याला कायदा शिकते. बाकीचे सगळे आपल्या आळीतले नि आपल्या पिशवीतले आहे.

हल्ली साताऱ्याच्या मोठ्या दुकानात जा की आपल्या इथल्या नव्या कापडदुकानात जा, सामान टेबलावर ठेवले की पोऱ्या मान वर न करता विचारतो, "काकू, मोबाईल नंबर?" पैसे नंतर, नंबर आधी. नंबर दिला की नाव विचारतो, मग जन्मतारीख, मग लग्नाची तारीख. पावशेर जिऱ्याला नि दोन साबणांना माझ्या लग्नाची तारीख काय करायची? आमच्या घरी ती खुद्द ह्यांच्या लक्षात राहत नाही, नि दुकानवाल्याचा शुभेच्छांचा संदेश सकाळी सहाला हजर!

तुम्ही म्हणाल, पूर्वीच्या वाण्यालाही आपले सगळे ठाऊक असायचे. खरे आहे. माझ्या सासूबाईंचे खाते ज्या वाण्याकडे होते त्याला आमच्या घरात किती माणसे जेवतात, पाहुणे कधी आले, महिनाअखेरीस हात कधी आखडतो, सगळे कळत असे. पण ती उधारीची वही त्याच्या गादीखाली राहायची. तो आम्हाला ओळखायचा तसे आम्हीही त्याला, त्याच्या बापाला नि त्याच्या तराजूला ओळखायचो. आज नंबर विचारणारा मुलगा पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागलेला असतो, नि ती वही कुठल्या गावी, कोणाच्या यंत्रात आहे ते त्यालाही ठाऊक नसते.

नंबर एकच असतो, तो आपण सगळीकडे देतो, हे ध्यानात घ्या. कापडवाल्याकडे तोच, औषधवाल्याकडे तोच, बँकेत नि गॅसच्या नोंदणीतही तोच. वेगवेगळ्या दुकानांच्या याद्या कोणी एकत्र केल्या तर त्या नंबराच्या दोरीत आपले सगळे घर ओवून निघते. कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाकडे लेकीचे लग्न निघाले आहे, कोण दर महिन्याला किती खर्चते.

"दोन फुकट संदेश येतात, पुसून टाकायचे, त्यात काय बिघडते?" असे आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात. त्यांच्यासाठी एक हकीकत सांगते. नाव सांगत नाही, नि कोणी ओळखू पाहू नये. माझ्या माहितीतली एक सून आहे. लग्नाला चार वर्षे झाली, घरात पाळणा हललेला नाही. एकदा तिला थोडी आशा वाटली, म्हणून ती कोणाला न सांगता औषधाच्या दुकानातून घरी तपासायची ती पट्टी घेऊन आली. दुकानात नंबर विचारला, तिने नेहमीचा सांगितला. तो होता सासऱ्यांचा, कारण घरचे सगळे सामान त्याच नंबरावर येते नि त्यावर काही गुण साठतात. ती घरी पोचायच्या आत बिल सासऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन बसले. त्यांना इंग्रजी नाव उमगेना, त्यांनी ते लेकीला मोठ्याने वाचायला सांगितले. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली नि गावी दोन फोन केले. आणि तसे काहीच नव्हते. पुढचे आठ दिवस ती मुलगी नळावरसुद्धा आली नाही.

यात दुकानदाराने काही चोरले का? नाही. सासऱ्यांनी वाईट केले का? तसेही नाही, म्हाताऱ्या माणसाने आलेले पत्र उघडले. पण जी गोष्ट त्या मुलीने आपल्या तोंडाने, आपल्या वेळेला सांगायची, ती दुकानाने सांगून टाकली. आपल्यातल्या किती बायकांचा स्वतःचा फोन आहे? ज्यांचा नाही त्यांनी सांगितलेला नंबर नवऱ्याचा, मुलाचा नाहीतर सासऱ्यांचा. म्हणजे बाईने काय घेतले याची पावती दुसऱ्याच्याच हातात. माहेरी न्यायला साठवलेल्या पैशातून लुगडे घेतले, तरी त्याची दवंडी घरात आपल्या आधी पोचायची.

दुसरे, नंबर आपण सांगतो तो मोठ्याने, एकेक आकडा तोडून. मागे चार अनोळखी माणसे उभी असतात. तरण्या मुलींना याचा फार त्रास होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातली बातमी वर्तमानपत्रांतून आली होती की, मोबाईलचे पैसे भरून देणाऱ्या काही दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते, पन्नास रुपयांपासून पाचशेपर्यंत, नि किंमत मुलीचे रूप पाहून ठरे. आपल्याकडे तसे चालते असे मी म्हणत नाही. पण माझी भाची एकदा दुकानात नंबर सांगून घरी आली, नि रात्री अकराला कोण्या अनोळख्याचा संदेश आला, "हिरव्या ड्रेसमध्ये छान दिसत होतात." तो दुकानातला होता की रांगेतला, ते शेवटपर्यंत कळले नाही. तिला जुना नंबर बंद करून नवा घ्यावा लागला, नि कॉलेजात, बँकेत, सगळीकडे तो बदलत महिनाभर हिंडावे लागले.

आता सरसकट कुठेच काही सांगू नका असे म्हणणे वेडेपणाचे होईल. काही ठिकाणी विचारणे रास्त असते. काही जबर औषधांसाठी, म्हणजे क्षयाची औषधे, काही भारी अँटिबायोटिक नि सवय लागणाऱ्या गोळ्या, औषधवाल्याला २०१४ पासून वेगळी वही ठेवावी लागते. तीत रोग्याचे नाव नि डॉक्टरांचे नाव-पत्ता लिहून ती तीन वर्षे जपायची असते. तिथे हुज्जत घालू नये, ती वही आपल्याच भल्याची आहे. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅनकार्डाचा आकडा देण्याचा नियम १ जानेवारी २०१६ पासून आला. जीएसटीच्या नियमात पन्नास हजार किंवा त्याहून मोठ्या बिलावर आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता लागतो. मुलीने तो नियम मला दोनदा वाचून दाखवला. त्यात मोबाईल नंबराचे नाव नाही. सामान घरपोच हवे असेल तर पत्ता द्यावाच लागणार. पण रोख पैसे मोजून परकराचे कापड घेतले, तर त्यात आपले नावगाव कशाला?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की, आपले खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याच्या आधारावाचून दुसऱ्याला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच यादीत आहे. मग मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना कळवले की, नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा हट्ट धरू नका. त्याच वर्षी ऑगस्टात माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, नि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची असे त्यात ठरले. त्या कायद्यात औषधाच्या दुकानाचेच उदाहरण दिले आहे. एक बाई आपण होऊन नंबर देते नि पैसे पोचल्याची पावती त्यावर पाठवा म्हणते, तर दुकानाने तो नंबर पावती पाठवायला वापरावा. आणखी एक गंमत. आजवर कायद्याच्या पुस्तकात माणूस म्हटला की 'तो'. या कायद्यात सगळ्यांना 'ती' म्हटले आहे, पुरुषांनासुद्धा! आमच्या ह्यांना हे सांगितले तेव्हा ते चहा पिता पिता थांबले.

पण कायदा पर्समध्ये घालून दुकानात नेता येत नाही, तिथे तोंडच उघडावे लागते. गेल्या दिवाळीत मी कापडदुकानात म्हटले, "नंबर द्यायचा नाही, बाळ. बिल कागदावर दे."

"काकू, नंबर घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

"मग मालकांना बोलाव. मी बसते."

मी खरोखरच स्टुलावर बसले. मागच्या दोन बायका कुरकुरल्या, नंतर त्यांनीही सामान खाली ठेवले. मालक आले, म्हणाले, "वहिनी, आपल्याच फायद्याचे आहे, सवलत कळवता येते." मी म्हटले, "सवलत पाटीवर लिहा, मला वाचता येते." त्यांनी मुलाला खूण केली, त्याने दहा वेळा नवाचा आकडा दाबला, नि बिल सुरसुर बाहेर आले. म्हणजे कॉम्प्युटरला नंबर हवा होता, माझा असण्याची त्याची अट नव्हती!

त्या पोरावर मात्र ओरडू नका. दिवसाला इतके नंबर गोळा झालेच पाहिजेत अशी त्यांच्यावर सक्ती असते. आपल्या मंडळातल्या दोघींच्या मुली तशाच टेबलामागे आठ-आठ तास उभ्या असतात, त्यांनी हे मला सांगितले आहे. गोड बोलून नाही म्हणावे. तरी अडवले तर १९१५ या ग्राहकांच्या क्रमांकावर तक्रार करता येते, तिथे मराठीतही बोलतात. विक्रीच्या फोनांनी जीव नकोसा झाला असेल तर १९०९ वर नोंद करावी. आणि बक्षीस लागले म्हणून कोणी पैसे काढून घेतलेच, तर रडत न बसता ताबडतोब १९३० लावायचा. जत्रेत, प्रदर्शनात सोडतीच्या चिठ्ठ्या भरायला देतात, त्यांवर नाव-नंबर लिहून पेटीत टाकू नका. त्या पेटीचे पुढे काय होते ते मी तरी कधी पाहिलेले नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला ते सांगते, नि अध्यक्षीणबाईंनी रागावू नये. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शेवटी सभासदांची यादी असते. नाव, पत्ता नि नंबर. गेल्या वर्षी एकशे बेचाळीस नावे होती. या वर्षी एका दुकानाने अर्ध्या पानाची जाहिरात देऊ केली आहे, तीन हजारांची. पण ती यादी आपल्याला आधी फोनवर पाठवा, अशी त्यांची अट आहे. समितीत यावर दोन मते आहेत. खर्च मोठा आहे, कागद महागला आहे, हे मला कळते. हिशेबाची वही दोन वर्षे मीच लिहीत होते. पण ते नंबर मंडळाचे नव्हेत, ते ज्या त्या बाईचे आहेत. तिने ते हळदीकुंकवाचा निरोप यावा म्हणून दिले, दुकानाला विकायला नव्हे.

म्हणून माझा ठराव असा. या वर्षी यादीत फक्त नावे छापावीत, नंबर चिटणीसताईंच्या वहीत राहावेत, नि त्या जाहिरातीला नकार कळवावा. तीन हजारांची तूट येईल. त्यासाठी भाजणीच्या चकल्या करून गणपतीत विकायच्या असे आम्ही सहाजणींनी ठरवले आहे. भाजणी मी घरची देते, तेलाचे तेवढे कोणी पाहावे. ज्यांना ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, चिटणीसताई मोजून घेतील.