विचारवंताचे बळ कशात असते?



विचारवंताचा प्रभाव केवळ त्याच्या बुद्धिमत्तेने ठरत नाही. त्याचे म्हणणे लोकांपर्यंत नेणारे साधन कोणाच्या हाती आहे आणि त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, यावर तो ठरतो. बंगळूर शहराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

१९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू, पदार्थवैज्ञानिक डॉ. एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. चमत्कार परीक्षकांसमोर करून दाखवावेत, अशी तीन पत्रे त्यांनी सत्य साईबाबांना पाठवली. उत्तर आले नाही; परंतु वृत्तपत्रांनी पत्रे छापली आणि श्रद्धेलाही पुरावा विचारता येतो, हे सामान्य वाचकाला उमगले. १९७७ मध्ये समिती विसर्जित झाली. टिकला तो त्यांनी १९६२ साली उभारलेला सायन्स फोरम. कारण तो पदावर नव्हे, श्रोत्यांवर उभा होता.

१९८० साली पी. लंकेश यांनी प्राध्यापकी सोडून ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढले. त्यात जाहिरात नव्हती. वाचकाचा पैसा हेच त्याचे भांडवल. म्हणूनच ते मंत्र्यांना आणि मठांना सारखेच प्रश्न विचारू शकले. सारा अबूबकर यांची कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. त्याच साप्ताहिकाच्या बातमीदार बानू मुश्ताक यांनी मशिदीत स्त्रियांच्या प्रवेशाचा हक्क मागितला, तेव्हा त्यांना सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. २०२५ साली त्यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला.

पुढे काळ पालटला. वाहिन्या आणि मोबाइल यांचे अर्थकारण प्रेक्षकसंख्येवर व जाहिरातीवर चालते. तेथे विचारापेक्षा उन्माद अधिक विकला जातो. विचारवंत एकाकी पडला की त्याला शत्रू ठरविणे सोपे जाते. २०१३ मध्ये पुण्यात डॉ. दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. पानसरे व धारवाडला डॉ. कलबुर्गी, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरात, स्वतःच्या घराच्या दारात, लंकेश यांच्या कन्या गौरी यांचा गोळ्या घालून खून झाला.

या बलिदानांमागोमाग महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली अंधश्रद्धाविरोधी कायदे झाले. परंतु कायदा वाचक घडवीत नाही. विचारवंताला मृत्यूनंतरच्या हारतुऱ्यांचा उपयोग नसतो. वर्गणी भरणारा वाचक, सभेला येणारा श्रोता आणि धमकी येताच दारात उभी राहणारी संघटना, हेच त्याचे खरे बळ होय. ते तो जिवंत असतानाच उभे केले पाहिजे.