वाचनाची हौस आणि संसार
(ख्रिस्ती लेखिकांच्या पुस्तकांच्या निमित्ताने)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनस, महागाईभत्ता किंवा माथाडी कायदा यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. ते माझे रोजचे काम आहे, आणि त्यावर मी गेटसभेत बोलतच असतो. तेव्हा येथे मला पुस्तकांवर बोलू द्या, अशी मी विनंती केली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून जे सांगणार आहे ते पंडिताचे नव्हे, एका वाचकाचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला ख्रिस्ती समाजाची ओळख आहे ती दवाखान्यातून. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय सुरू केले. त्याची पायरी आपल्यापैकी कितीजणांच्या आजा-पणजाने चढली असेल! परंतु याच समाजातल्या बायकांनी पुस्तके लिहिली, आणि ती आपल्याच घरांविषयी आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. धर्मांतराचा वाद मी येथे उकरून काढणार नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, वाचू इच्छिणाऱ्या बाईला संसारात वेळ मिळतो का, आणि मिळत नसेल तर तो जातो कोठे?

आधी थोडी पूर्वपीठिका. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी यांनी लिहिली. बाबा मूळचे बेळगावचे, ख्रिस्ती झालेले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. पुस्तक कळवळ्याने लिहिलेले आहे, यात शंका नाही. पण ते पुरुषाने लिहिलेले आहे, आणि यमुनेचा मार्ग लेखकाने तिच्या आधीच आखून ठेवला आहे, असे वाचताना वाटत राहते.

आता त्यानंतर सदतीस वर्षांनी आलेले एक पुस्तक घ्या. ते एका बाईचे आहे. कृपाबाई सत्थियानाधन यांचा जन्म १८६२ सालचा, अहमदनगरचा. वडील हरिपंत खिस्ती. ब्राह्मण घर, पुढे ख्रिस्ती झालेले. कृपाबाई १८७८ साली मद्रासला वैद्यकी शिकावयास गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्या तिकडेच लग्न करून राहिल्या आणि इंग्रजीत लिहू लागल्या. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. 'सगुणा' ही कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या एका मासिकातून क्रमशः आली. 'कमला' १८९४ मध्ये. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या वारल्या. नंतर ही पुस्तके शंभर वर्षे जवळजवळ विसरली गेली. १९९८ साली ती पुन्हा छापून निघाली. मी ती शब्दकोश शेजारी घेऊन, दोन पावसाळे खर्चून वाचली.

'सगुणा' ही बरीचशी त्यांचीच कहाणी आहे. भावांच्या धड्यांवर कान ठेवून शिकणारी मुलगी त्यात आहे. बापाने धर्म बदलला, घराची रीत बदलली. पण मुलीच्या हातातले पुस्तक काही घरादाराला एकदम मानवले नाही. माणसाची श्रद्धा एका दिवसात बदलू शकते, पण स्वयंपाकघराचा कायदा बदलावयास पिढ्या लागतात, हे या पुस्तकाने मला जितके पटवले तितके कोणत्याही भाषणाने पटवले नाही.

'कमला' तर आपल्यातल्या कोणाच्याही घरची वाटेल. कमला हिंदू सून आहे. तिचा नवरा गणेश शिकलेला. बायकोला शिकवावे अशी त्याला उमेद येते. पण सासरचे वातावरण असे की, सून पुस्तक घेऊन बसली म्हणजे घराची घडीच विसकटली! नवऱ्याची उमेद टिकत नाही, आणि शिकवणे थांबते. येथे खलपुरुष असा कोणी नाही, हेच मला विशेष वाटते. गणेश वाईट नाही. त्याची हौस फक्त त्याच्या सोयीपुरती आहे. पुढे कमलेचे मूल जाते, नवराही जातो. शेवटी एक चांगला माणूस तिला मागणी घालतो. ती नाकारते आणि उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या दुःखनिवारणात घालवते. श्रद्धावान ख्रिस्ती लेखिकेने आपल्या नायिकेला ख्रिस्ती केले नाही, तिचे दुसरे लग्नही लावून दिले नाही. निर्णय तिच्यावर सोडला. 'यमुनापर्यटना'पासून मराठी मुलखातल्या लेखणीने केवढी मजल मारली, पाहा!

दुसरे नाव आपल्या साताऱ्याशी जोडलेले आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला आणि १९१९ मध्ये ते मुंबईस वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. यांचे 'स्मृतिचित्रे' कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण कादंबरीला मागे सारील असे. लक्ष्मीबाईंना शाळा नव्हती. वाचावयास नवऱ्याने शिकवले. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या विचाराने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. घरात कायम माणसांचा राबता, अनाथ मुलांचा सांभाळ, आणि नवरा असा की हाती पैसा टिकायचा नाही! 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली १९३४ साली. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट. १९३६ साली त्या गेल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे दीर्घकाव्यही त्यांनीच पुढे नेले.

आता या दोघींची वये शेजारी शेजारी ठेवा. एक बत्तिसाव्या वर्षी संपली. दुसरीचे मोठे पुस्तक सहासष्टाव्या वर्षी बाहेर आले. लक्ष्मीबाई साठीच्या आत गेल्या असत्या, तर मराठी भाषा केवढ्या धनाला मुकली असती! आणि ज्या गेल्या, त्यांचा हिशेब कोणी ठेवला आहे? बाईचे वाचणे-लिहिणे हे संसारातून उरल्या वेळात बसवावयाचे, अशी आपली रीत आहे. आणि उरतो किती? २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्या कामात जातो असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटे. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस!

मी कामगार चळवळीतला माणूस आहे, म्हणून मला दुसरी एक तारीख आठवते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती १० जून १८९० पासून. त्या सुट्टीवर आमच्या वाचनाची सारी इमारत उभी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण घरातल्या बाईला रविवार कोणत्या कायद्याने दिला? उलट त्या दिवशी नवरा घरी, मुले घरी, पाहुणे घरी. म्हणजे तिचे काम दुप्पट. आमचा सुट्टीचा दिवस तिच्या जादा कामाचा दिवस ठरतो, आणि त्या जादा कामाला भत्ता नाही.

कोणी म्हणेल, बाया वाचीत बसल्या तर संसार कोण करणार? हा प्रश्न खोटा नाही. वाचनाचेही व्यसन लागते. मूल तापाने फणफणले असता कादंबरी संपवणारी बाई, आणि भाजीला पैसे नसता पुस्तके विकत घेणारा बाप, दोघांचेही कौतुक मला नाही. परंतु हा प्रश्न आपण नेहमी बाईलाच विचारतो. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून तासभर बसणाऱ्या पुरुषाला, किंवा आता मोबाईल धरून बसणाऱ्याला, तो कोणी विचारीत नाही. त्याचे वाचन म्हणजे ज्ञान, आणि तिचे वाचन म्हणजे कामचुकारपणा! कामे दोघांत वाटली, म्हणजे संसारही चालतो आणि वाचनही.

युनियनचा माणूस आला म्हणजे मागण्यांची सनद आलीच. माझ्या मागण्या चार आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत, घरोघरच्या पुरुषांकडे आहेत.

पहिली : वाचनालयाचा एक सभासद-पत्रक घरातल्या बाईच्या नावाने असावा, आणि पुस्तक तिने स्वतः निवडावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. तिथवर तिची पावले पोहोचली पाहिजेत.

दुसरी : दिवसातला एक तास तिचा ठरलेला असावा. 'सवड मिळाली की' असा नव्हे, घड्याळाने ठरलेला. आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतरची भांडी माझ्याकडे आहेत. तो तास तिकडून निघतो. भांडी घासता घासता मीही पाठ केलेले आठवून पाहतो, तेव्हा माझेही नुकसान नाही.

तिसरी : एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. शेंगा फोडताना, गहू निवडताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. 'स्मृतिचित्रे' अशा वाचनाला उत्तम. त्यातला विनोद मोठ्याने वाचल्यावर अधिक खुलतो.

चौथी : 'हे वाचून तुला काय मिळणार?' हा प्रश्न घरातून कायमचा हद्दपार व्हावा. गणेशने कमलेचे शिकवणे सोडले ते कोणी पुस्तक फाडले म्हणून नव्हे. रोजच्या टोमण्यांनी ते थांबले.

रविवार मिळावयास गिरणी कामगारांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले, सभा भरवाव्या लागल्या. हा तास द्यावयास आपल्याला कोणाचाही ठराव नको. आज रात्रीपासून देता येईल. येथे बसलेल्या किती भगिनी घरचे आवरून, धावतपळत येथवर आल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या घरी कोठेतरी एखादी लक्ष्मीबाई सहासष्टाव्या वर्षाची वाट पाहत बसली असेल. तिला तेवढे थांबावयास लावू नये, एवढेच माझे सांगणे.