हसू आणि स्मय : एका शब्दाची कुळकथा



इंग्रजीतील 'स्मर्क' हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाची लेखणी हटकून अडखळते. छद्मी हसणे, कुत्सित हसणे, गालातल्या गालात हसणे असे पर्याय सुचतात. प्रत्येक पर्याय त्या शब्दाच्या एकेका कडेला स्पर्श करतो, मध्यापर्यंत मात्र कोणताच पोहोचत नाही. मध्याशी जे आहे ते असे : ओठांचा एक कोपरा किंचित वर जातो, आवाज होत नाही, दात दिसत नाहीत, आणि हसणारा दुसऱ्याकडे पाहत असला तरी त्याचे खरे लक्ष स्वतःवर असते. आपलेच म्हणणे खरे ठरले, आपण यातून अलगद सुटलो, किंवा आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, याचा तो मूक आनंद होय. या शब्दाचे कूळ आज आपल्यासमोर मांडावे असा माझा विचार आहे. ते भिलाईत मांडण्यास एक विशेष कारण आहे. ते ओघाने येईलच.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'स्मेअर्कियन' असे होते आणि त्याचा अर्थ 'स्मित करणे' एवढाच होता. त्यात तोरा नव्हता आणि ढोंगही नव्हते. आज सर्वपरिचित असलेला 'स्माइल' हा शब्द त्या भाषेत बराच नंतर, इ.स. १३०० च्या सुमारास दिसू लागतो. तो बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला असावा. एकाच अर्थाचे दोन शब्द एका घरात फार काळ सारख्या मानाने नांदत नाहीत. येथेही पाहुणा माजघरात गेला आणि घरच्या शब्दाला ओसरीवर यावे लागले. निर्मळ हसू 'स्माइल'च्या वाट्याला गेले. 'स्मर्क'कडे उरले ते बनावट किंवा आत्मतुष्ट हसू. हा पालट इ.स. १५०० नंतर हळूहळू होत गेला, आणि अठराव्या शतकापर्यंत हा शब्द अधूनमधून निर्दोष अर्थानेही वापरला जात असे.

येथवरची कथा पुष्कळ शब्दांची असते. परंतु हसण्याच्या शब्दाला गर्वाचा वास लागला, तो केवळ घरातल्या वाटणीमुळे काय? मला तसे वाटत नाही. कारण ज्या धातूपासून 'स्माइल' आला आणि बहुधा 'स्मर्क'ही आला, तोच धातू संस्कृतात 'स्मि' या रूपाने आहे. त्यापासून स्मित झाले, हसऱ्या चेहऱ्याला लावायचे 'स्मेर' हे विशेषण झाले, विस्मय झाला आणि 'स्मय'ही झाला. स्मय या शब्दाचा एक अर्थ आश्चर्य, आणि दुसरा चक्क गर्व. भर्तृहरीने सत्ताधीशांचा जो दोष सांगितला तो हा स्मयच. पण या शब्दाचे सर्वांत नेमके स्थान मला पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात आढळते. योगी सिद्धीच्या उंबरठ्यावर आला की स्वर्गस्थ देव त्याला आमंत्रण देतात : येथे बैस, येथे रम. सूत्रकार बजावतात की अशा वेळी त्याने संग धरू नये आणि स्मयही करू नये. भाष्यकार व्यास स्मयाचा अर्थ उलगडतात तो साधारण असा : देवांनीसुद्धा माझी मनधरणी करावी एवढा मी मोठा, ही भावना. गंमत अशी की या विवरणात ओठांचा किंवा गालांचा उल्लेखही नाही. तरी त्या योग्याचा चेहरा आपल्याला स्पष्ट दिसतो!

हसू आणि गर्व यांच्यामधला दुवा मला आश्चर्यात सापडतो. लॅटिन भाषेत याच धातूपासून 'आश्चर्यकारक' या अर्थाचा 'मीरुस' शब्द झाला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. इंग्रजीतला 'मिरॅकल' त्याच्याच वंशातला. नवल वाटले की माणूस हसतो. ते नवल स्वतःचेच वाटू लागले की जे उमटते तो स्मय. हे शेवटचे वाक्य माझे आहे, कोशाचे नव्हे.

आता भिलाईचे कारण. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वर्षांत रशियन तंत्रज्ञ येथे राहिले, त्यांची भाषा येथील रस्त्यांवर ऐकू आली. रशियनमध्ये हसण्याला 'स्मेख' म्हणतात, आणि ओठांवर क्षणभर चमकून जाणाऱ्या उपहासाच्या हसण्याला 'उस्मेश्का'. हे दोन्ही शब्द त्याच धातूचे. भट्टीच्या कामासाठी दोन्हीकडच्या लोकांना दुभाषी लागत होते; परंतु 'स्मित' म्हणणारा अभियंता आणि 'उस्मेश्का' म्हणणारा अभियंता हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या एकाच घरचे शब्द बोलत होते.

मराठीने स्मित ठेवले, विस्मय ठेवला, स्मय मात्र व्यवहारातून जाऊ दिला. त्याऐवजी आपल्या भाषेने हसण्याची जागा दाखविण्याचा मार्ग धरला. गालातल्या गालात, ओठातल्या ओठात, मिशीतल्या मिशीत : प्रत्येक वेळी तोच शब्द दोनदा येतो आणि हसू अधिक आत सरकते. 'छद्मी'तही हेच आहे. छद् म्हणजे झाकणे. आच्छादन आणि छत्र त्याच धातूचे. छद्म म्हणजे वरचे झाकण, सोंग, कपट. येथे आपल्या शेजाऱ्यांशी आपला घोटाळा होण्याचा संभव असतो. हिंदीत छद्मनाम म्हणजे टोपणनाव, छद्मवेश म्हणजे बतावणीचा वेश. 'तो छद्मी हसला' असे मराठी माणूस म्हणाला, तर हिंदीभाषकाला वाटेल की तो खोटे हसला. मराठी कानाला खोटेपणा दुय्यम वाटतो. झाकणाखाली तुच्छता आहे, हे त्याला प्रथम ऐकू येते. 'कुत्सित' या शब्दात ते झाकणही राहत नाही, कारण त्याचा धातूच निंदेचा आहे.

या शहरात कानांवर पडणारे इतर शब्दही पाहण्यासारखे आहेत. हिंदीत मुस्कान, छत्तीसगढीत मुचमुच हासणे, बंगालीत 'मुचकी हाशी', तेलुगूत 'मुसिमुसि नव्वु'. हे सारे एका कुळातले म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. तेलुगूचे कूळच निराळे आहे. पण ओठ मिटल्याशिवाय 'म' उच्चारता येत नाही, हेही खरे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम अशा पात्रांत दोन दोन वाटून दिले. स्मित उत्तमांकडे गेले. फुगलेल्या नाकपुड्या, तिरकी नजर आणि आखडलेले खांदे व मान यांचे उपहसित मध्यमांकडे आले. आपला शब्द या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो : चेहरा स्मिताचा, नजर उपहसिताची. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाच्या ओठांवर तो अधिक दिसतो, हे मात्र त्या वाटणीत बसत नाही.

येथे एक व्याकरणाची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. 'मी हसलो' असे आपण म्हणतो. 'मी छद्मी हसलो' असे सहसा कोणी म्हणत नाही. हा शब्द पाहणाऱ्याचा आहे. तो आरोपाचा शब्द आहे. महाभारतातील मयसभेचा प्रसंग घ्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा सेवक हसतात, मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. तेथे निवेदक द्रौपदीचे नाव घेत नाही. द्रौपदी स्त्रियांसह हसली हे पुढे दुर्योधन आपल्या पित्याला सांगतो, मनाला झालेल्या यातनेसह. ती हसली की नाही हे ठरविणे आता कोणाच्याही हाती नाही. पण द्यूतसभेकडे जाणारा रस्ता त्या सांगण्यातून निघाला. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते सहज कळेल. एका तंबुऱ्यावर आणि एका चेहऱ्यावर हसणारा व दुखावलेला असे दोघेही उभे करावे लागतात. दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे जेथे एका पाळीत शेजारी उभी राहतात, तेथे वरिष्ठाच्या ओठांची कड हलली की तिचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या भाषेत लावतो.

मग अनुवादकाने काय करावे? स्मय पुन्हा चलनात आणावा, असे एका मित्राने सुचविले होते. मला ते पटत नाही. ज्या शब्दासाठी तळटीप लागते तो वाक्यात परकाच राहतो. माझी पसंती 'आढ्यतेचे हसू' याला आहे. आढ्य म्हणजे मुळात संपन्न. संपन्नतेवरून आढ्यता ताठ्याकडे गेली, म्हणजे तिचा प्रवासही 'स्मर्क'सारखाच. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे बोलणे ऐकताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आढ्यतेचे हसू. शेजाऱ्याची फजिती पाहताना उमटते ते छद्मी. तिसरा प्रसंग अवघड आहे. वडील रागावत असतात आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या ओठांवर काहीतरी येते. इंग्रजी कादंबरीकार तेथे बेधडक 'स्मर्क' लिहितो; आपल्याकडे वडील ओरडतात, 'गालातल्या गालात हसतोस काय?' पुष्कळदा ती नुसती ओशाळगत असते, क्वचित भीती असते. अशा ठिकाणी मी 'त्याच्या ओठांची कड हलली' एवढेच लिहितो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो.