‘सून’ म्हणजे केव्हां?



इंग्रजीच्या पहिल्या वर्षीं ‘सून’ हा शब्द फळ्यावर लिहिला, कीं वर्गांत हमखास खसखस पिके. “गुरुजी, कोणाची सून?” मी सांगत असें, “बाळांनो, ही घरांत येणारी सून नव्हे. हिचा अर्थ लवकर.” तो अर्थ अपुरा होता, हें निवृत्तीनंतर कोश चाळीत बसलों तेव्हां कळलें.

हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत हा शब्द ‘सोना’ असा होता आणि त्याचा अर्थ होता ‘तत्काळ’. पुढें त्याचा ‘थोड्या वेळानें’ झाला. ‘ॲनॉन’ची गतही तीच. मूळ अर्थ ‘एकदम’. परंतु शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागांत मद्यगृहांतील पोऱ्या फ्रान्सिस प्रत्येक हांकेला हाच शब्द ओरडतो, आणि येत मात्र नाहीं! ‘प्रेझेंटली’ हाही एके काळीं ‘ताबडतोब’ होता, तोही सैलावला. यांत शब्दांचा दोष नाहीं. माणसें ‘तत्काळ’ म्हणत आणि उशीर करीत. ऐकणारे त्यांच्या वागण्यावरून अर्थ शिकले.

आपण वेगळे आहों काय? स्वयंपाकघरांतून हांक आली कीं आपण ‘आलोंच’ म्हणतों. क्रियापद भूतकाळाचें, आणि पाय जागचे हललेले नसतात! मी राहतों त्या घोडबंदर रस्त्यावर नव्या इमारतींच्या फलकांवर ‘लवकरच’ लिहिलेलें असतें. फलक उन्हानें फिके पडतात. ‘लवकरच’ तेथेंच असतें. वाहनांच्या रांगेंत अडकलेला मुलगा दूरध्वनीवरून ‘एवढ्यांत पोहोंचतों’ म्हणतो, आणि त्याची आई वाढलेलें ताट झांकून ठेवते.

हें हंसण्यासारखें खरें; पण एकदां थोरल्या बहिणीचें गांवाहून पत्र आलें : ‘लवकर ये.’ वार्षिक परीक्षेचे पेपर तपासावयाचे होते. मीं उत्तर धाडलें, ‘लवकरच येतों.’ नवव्या दिवशीं गेलों. ओटीवर माणसें बसलेलीं होतीं; ताई नव्हती. शब्द एकच होता. तिनें तो मूळच्या अर्थानें लिहिला, मीं झिजलेल्या अर्थानें वाचला.

कोशांतला अर्थ मला बदलतां येणार नाहीं. मात्र आज नात ‘आजोबा, लवकर या’ म्हणते, तेव्हां हातांतलें पान पुरें करण्यासाठीं मी थांबत नाहीं, उठतों.