ब्रेकच्या नळीचं तोंड

कांचघरातल्या घरामागं मी एक जुनी जोंगा सुट्या भागांतून उभी केली. ही गाडी आमच्या जबलपूरच्याच व्हेइकल फॅक्टरीत बनायची. ब्रेकच्या नळीत मात्र चुकलो. आधीच्या कुणीतरी बदललेली नळी पाहून तसाच बबल फ्लेअर केला. उतारावर पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेकनं वाचवलं.

म्हणून नळीकडे नव्हे, ती जिथं बसते त्या भोकात बघा. तळाशी शंकू वर आलेला असेल, तर ४५ अंशांचा डबल फ्लेअर. तळ वाटीसारखा खोल असेल, तर बबल. सिंगल फ्लेअर ब्रेकला नकोच. नट आधी ओवा, मग तोंड करा. गळलं तर आवळत बसू नका. तोंड नव्यानं करा. पेडल जोरात दाबून धरा. जोड कोरडे राहिले, तरच गाडी रस्त्यावर काढा.