‘अंदमानी’ म्हणावे कोणाला?



आजच्या भाषणासाठी मी एकच शब्द घेतला आहे, ‘अंदमानी’. मास्तरांना विषय सुचतात ते बहुधा वर्गातच, हाही तिथलाच. सातवीच्या मुलांना मी बेधडक लिहून दिले होते, ‘अंदमानात राहतो तो अंदमानी.’ मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, सावरकर तिथे दहा वर्षे होते. ते अंदमानी झाले का?” वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही.

आपली बेळगावची रीत सोपी आहे. घरात कन्नड बोला, मराठी बोला, आमच्यासारखी दख्खनी बोला. गावात चूल मांडली की झालात बेळगावकर! ‘अंदमानी’ला मात्र हा नियम लागू पडत नाही. 1858 साली इंग्रजांनी तेथे कैद्यांची वसाहत बसविली. कैद्यांची मुले-नातवंडे तेथेच जन्मली आणि हिंदी बोलू लागली. 1921 च्या बंडानंतर मलबारचे मोपले गेले, फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित गेले. आज त्या बेटांवर बहुसंख्या अशांचीच आहे. तरी मानववंशशास्त्रात अंदमानी म्हणतात ते ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली या मूळच्या रहिवाशांनाच.

बरे, हे नाव तरी त्यांचे स्वतःचे आहे काय? तेही नाही. नवव्या शतकातील अरबी प्रवासवृत्तांत ते आढळते आणि त्याच्याच जोडीला ‘हे लोक माणसे खातात’ हा आळही आढळतो. पुढे मार्को पोलोने त्यांना कुत्र्याची तोंडे चिकटविली! नरभक्षणाचा विश्वसनीय पुरावा आजवर कोणालाही मिळालेला नाही. हनुमानावरून हे नाव पडले असेही सांगतात. ऐकायला गोड आहे, पण तो तर्कच.

‘जारवा’ या नावाची कथा तर अधिकच विचित्र. पोर्ट ब्लेअरच्या (2024 पासून त्याला श्रीविजयपुरम म्हणतात) आसपास बेआ नावाची जमात राहत असे. इंग्रजांची दाट ओळख झाली ती हिच्याशी. बेआ लोकांच्या बोलीत जारवा म्हणजे परका. शेजाऱ्याने परका म्हटले आणि सरकारी दप्तरात तेच नाव कायम झाले. ते लोक स्वतःला ‘आंग’ म्हणतात, म्हणजे नुसते माणसे.

‘अंदमानी भाषा’ हाही असाच ढोबळ प्रयोग. ग्रेट अंदमानींच्या दहा जमाती होत्या आणि प्रत्येकीची बोली निराळी. अन्विता अब्बी यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांचे मत असे की, ग्रेट अंदमानी हे एक भाषाकुल आणि ओंगे-जारवांचे दुसरे. या ग्रेट अंदमानी भाषांत शरीराच्या अवयवांवरून आलेले उपसर्ग शब्दाशब्दाला लागतात. ‘अका-बेआ’, ‘अका-बो’ या नावांतील ‘अका’ तोंडाशी, म्हणून बोलण्याशी, निगडित आहे. व्याकरण शिकविणाऱ्याने हेवा करावा अशी ही रचना!

पण बोलणारे उरले किती? वसाहतीबरोबर रोग आले. 1877 च्या गोवराने वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. 1901 च्या शिरगणतीत ग्रेट अंदमानी 625 होते, 1961 साली अवघे 19. पुढे त्यांना स्ट्रेट बेटावर वसविले. आज ते पन्नासाच्या आसपास आहेत आणि बोलतात मुख्यतः हिंदी. बो भाषा जाणणारी शेवटची व्यक्ती, बोआ सीनियर, 26 जानेवारी 2010 रोजी वारली. त्या भाषेत उत्तर देणारे माणूस उरले नव्हते, म्हणून म्हातारी पक्ष्यांशी बोलत असे.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाला मी वहीतले वाक्य खोडायला सांगितले. “मग काय लिहू, सर?” त्याने विचारले. मी फळ्यावर चारही नावे लिहिली, जारवांच्या पुढे ‘आंग’ लिहिले. सेंटिनेली स्वतःला काय म्हणवितात ते बाहेरच्या कोणालाच ठाऊक नाही. तेथे जागा मोकळी सोडली.